हरिपदबाबूंच्या बारा फायली

खिदिरपूर, मंगळवार, १० मार्च १९७०

आज साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. हरिपदबाबू मागेच उभे होते. नव्या प्रकल्पाच्या बाराही फायलींची नावं, क्रमांक, अनुक्रमणिका आता कॉम्प्युटर छापतो. मी पंच केलेली कार्डं घातली की झालं. पण तो क्रम माझा होता कुठे? हरिपदबाबू, आमचे म्हातारे कारकून, वीस वर्षं हे सगळं हातानं लिहीत आले. शाईनं निळं झालेलं बोट एकेका फायलीवर ठेवून त्यांनीच मला तीन दुपारी समजावलं, कोणता कागद कुठे जातो आणि का. मी हे कशासाठी विचारतोय, ते सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

सुटायच्या वेळी ते टेबलाशी आले. वाटलं, आता ऐकवणार. तर हिंदीत म्हणाले, "जोशीबाबू, माझं काम कसं चालतं, हे वीस वर्षांत कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत." आणि संदेश मिठाईचा पुडा पुढे केला.

घरी ही म्हणाली, "अहो, साहेब खूश आहेत ना, मग चेहरा का असा?"

पुडा धरलेल्या हरिपदबाबूंच्या बोटाला आज शाई नव्हती. संदेश मात्र मी खाल्ला.