डाव्या खांबापाशी कोण

१४ नोव्हेंबर
रेणू, ही वही शेवटी तूच वाचणार, अन् म्हणणार, "असं झालतं का आजी?" झालतं. नवी चप्पल देवळात विसरून अनवाणी घरी आलेली तू, तुझ्या डोक्यावर कोण भरवसा ठेवणार! म्हणून मी सांगायलेय अन् शेजारच्या वत्सलाबाई लिहायल्यात. बाई रिटायर शिक्षिका. भुतांवर विश्वास शून्य. मला अक्षर येत न्हाई, भुतं तेवढी ओळखीची.

आज मॅच. आमच्या सेलूत उजाडत होतं, तिकडं कॅनडात संध्याकाळ. बर्फावरची हॉकी, चेंडूऐवजी रबरी चकती, अन् माझी नात गोलात. परभणीच्या स्टेडियमवर चाकांच्या बुटांनी गुडघे फोडून शिकली, आता पगारावर खेळते. पाच गोल खाल्ले. चार डावीकडून.

१६ नोव्हें.
रेणूचा फोन.  म्हणाली, "आजी, गोलाच्या डाव्या खांबापाशी कुणीतरी उभं असतंय. मी तिला जागा द्यायला सरकते, अन् तेवढ्यात चकती आत जाते."

कोण, ते दोघींनाही माहीत. हिच्या आधीची गोलकीपर, क्लेअर. उन्हाळ्यात गाडीच्या अपघातात गेली, म्हणून रेणूला बोलावलं. संघाच्या खोलीतल्या कपाटावर तिचं नाव अजून तसंच. खेळायला उतरताना सगळ्या पोरी त्याला काठी टेकवतात. रेणू सोडून.
"तू का न्हाई?"
"तिच्याच जागेचं खायलेय मी. कुठल्या तोंडानं?"

२० नोव्हें.
मी दुसरेपणावर दिलेली. मालकांची पहिली, गंगू, बाळंतपणात गेली. मी या घरात आले त्याच दिवशी सासूनं गळ्यात तिची मूर्त कोरलेला चांदीचा टाक बांधला. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं. ताटातला पहिला घास तिचा, तोही अळणी; मेलेल्याला मीठ चालत न्हाई. एका संक्रांतीला विसरले, तर पाण्याचा रांजण बसल्या जागी तडकला.
बाई म्हणाल्या, "काकू, थंडीनं तडकला असेल."
सेलूची थंडी! लिहा म्हणलं गुमान.
रेणूला सांगितलं, मेलेल्या बाईच्या जागी बसायचं तर तिचा वाटा आधी काढावा.

२९ नोव्हें.
घोटाळा. पोरीनं ऐकलं, पण लयच ऐकलं. मॅचआधी शेंगदाण्याचा लाडू फोडून अर्धा डाव्या खांबाच्या मुळाशी ठेवला. बर्फाला चिकटून तो दगड झाला. त्याला अडकून हिच्याच संघातली एक पोरगी आपटली, मनगट मुरगळलं. पंचानं खेळ थांबवून लाडू खरवडून काढला. कोचबाईनं विचारलं, हे काय? रेणूनं खरं ते सांगितलं. क्लेअरचं नावही घेतलं.

पुढच्या चार मॅच बाकावर. मग एक संधी. तीही गेली तर परत गावी.

वत्सलाबाई हसल्या न्हाईत. "काकू, सल्ला तुमचा होता."
होता. घास पानाच्या कडेला काढतात, पायाखाली न्हाई, हे काय सांगावं लागतं? लागतं वाटतं.

८ डिसेंबर
आज फोनवर चेहरा दिसला. गालफडं बसलीत. जेवते म्हणते, खोटं. तिच्या मागं दारात एक उंच पोरगी उभी होती. केस ओले, एक हात चौकटीवर.
म्हणलं, "मैत्रीण का ग? दारात नको उभी करू, आत बोलाव."
रेणूनं मागं पाहिलं. मग माझ्याकडं. "आजी, खोलीत मी एकटीच हाय."
फोन बंद.

बाई शेजारीच होत्या. विचारलं, दिसली का? चष्मा पुसत बसल्या. हे गाळायचं म्हणत होत्या. गाळू दिलं न्हाई.

२१ डिसें.
क्लेअरची आई मॅचला आलती, बाकावर रेणूजवळ बसली. लाडवाचं तिच्या कानावर गेलंय. तिला वाईट वाटेल म्हणून पोरी तिच्यासमोर लेकीचं नावच काढत न्हाईत. तिनं एवढंच विचारलं, "तिनं खाल्लं का?"
रेणू मला विचारते, काय सांगू.

गंगूची आई दर वैशाखात माझ्या दारी यायची. माझ्या गळ्यातला टाक हातात धरून बसायची. पहिल्याच खेपेला विचारलं, "जेवती का ग ती?" मी हो म्हणले. खरं का खोटं, अजून मला...

रेणूला म्हणलं, तुझं तू ठरव.

३ जानेवारी
चार मॅच सरल्या. उद्या पहाटे रेणू गोलात. क्लेअरची आई डाव्या खांबामागच्या काचेपाशी बसणार हाय. रेणूनं तिला काय उत्तर दिलं, मी विचारलं न्हाई.
"आजी, ती आली तर सरकू, का जागेवरच राहू?"
साठ वर्षं झाली, गंगूला जागा सोडून मी अजून अंथरुणाच्या कडेलाच झोपते. मी काय सांगणार? म्हणलं, डोळे उघडे ठेव.

बाई म्हणतात, पार्सल पोचायला पंधरा दिवस, तोवर पोरगी तिथं असेल का? असेल नसेल, धाडा. जवसाची चटणी अन् धपाट्याचं पीठ. तीन पुड्या करा. एक रेणूची, एक त्या माउलीची, एक क्लेअरची. तिसरीत मीठ घालू नका.