राहून गेलेलं अर्धं वाक्य

बाबा, मी आता सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसांना दुखण्याबद्दल शिकवते. म्युनिकजवळच्या एका रीहा क्लिनिकमध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, दर मंगळवारी सकाळी. वर्गाचं नाव श्मेर्त्सशूले, म्हणजे दुखण्याची शाळा. ऐकून तुम्ही हसला असतात. मी त्यांना सांगते, स्कॅनमध्ये काही दिसत नाही, तरी तुमचं दुखणं खरं आहे. जखम भरली, पण शरीर अजून धोक्याची घंटा वाजवतंय. काल घड्याळाकडे बघत बोलत होते. "स्कॅनमध्ये काही दिसत नाही," एवढं म्हणून स्लाइड बदलायला वळले, तर मागच्या रांगेतला एक जण उठून जॅकेट घालत होता. पन्नाशीचा, परदेशातल्या मोहिमेवर पाठ मोडून घेतलेला, घरी एकटाच असतो. "आल्झो, म्हणजे मी खोटं बोलतोय तर," तो म्हणाला. मी म्हटलं, "नाही, माझं वाक्य अजून..." "गेनाऊ, अगदी बरोबर. सगळे हेच सांगतात," म्हणाला आणि गेला.

पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, हा माझा शेवटचा प्रयत्न. कालपासून तीनदा फोन केला, उचलत नाही. नवरा म्हणतो, "अगं, येईल मंगळवारी, कशाला जीव टांगणीला लावतेस?" त्याला काय माहीत! तुम्हीही इस्पितळात परत कधी गेला नव्हतात.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मी नववीत आहे. डोंगरातल्या रस्त्यावर लष्कराचा ट्रक उलटून तुमची पाठ गेली, त्याला दोन वर्षं झालीयेत. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे, कारण बसवत नाही. इस्पितळाचा रिपोर्ट इंग्रजीत आहे, आणि शेजारचे काका चहाला आलेत. "आमची पोरगी वाचेल, फाडफाड इंग्रजी येतं तिला," तुम्ही म्हणता. मी वाचते आणि ऐटीत सांगते, "बाबा, एक्स-रे नॉर्मल आहे. तुम्हाला काहीही झालेलं नाहीये."

तुम्ही ओट्यापासून बाजूला होऊन सरळ उभे राहिलात. त्यानंतर कधी कण्हला नाहीत, कशाला टेकला नाहीत, गॅसचं सिलिंडरसुद्धा स्वतः उचललंत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई तुमच्या ताठ पाठीकडे बघून म्हणायची, आणि मी हसायचे. मला वाटायचं, बरे झालात. त्या हसण्याची आज फार लाज वाटते.

आता त्याला चौथ्यांदा फोन लावायचाय. उचलला तर आधी राहिलेलं अर्धं वाक्य सांगेन, माफी नंतर. नाही उचलला तर काय करायचं, ते मला कुठल्याच प्रशिक्षणात कोणी शिकवलेलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहिण्याची हिंमत झाली. बाबा, त्या रिपोर्टात खाली आणखी एक ओळ होती. त्यातले दोन शब्द मला अडले, आणि काकांसमोर अडखळायचं नव्हतं, म्हणून मी ती वाचलीच नाही.