दोन कडव्यांमधला थांबा

९ डिसेंबर
सकाळीच वैशालीचा मेसेज. 'काका, पेटाऱ्याची नवी आवृत्ती आली. डेटाबेसची ठेवणच बदललीय. आपल्याला मांडणीला हात लावावा लागणार.'
पेटारा दुसऱ्यांचा. घरची गाणी, फोटो घरच्याच मशीनवर ठेवायचा सर्व्हर. तो लोकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर अलगद बसवून देणारी स्क्रिप्ट ती 'मांडणी', आमची. पगार नाही, साहेब नाही. मी मुलुंडला, ती मानखुर्दला. एका इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळते, उरल्या वेळात हे. भेट क्वचित, भांडण रोज.
आमची सौ. सुमन म्हणाली, "चहा गार झालाय. तोही इन्स्टॉल करून घ्या."

११ डिसेंबर
क्रम ठरला. पेटारा बंद करायचा, सगळं सामान 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये हलवायचं, मग तिथून नव्या ठेवणीत भरायचं. मध्ये एक श्वास हवा असं वाटलं. शाळेत कवितेच्या तासाला मास्तर दोन कडव्यांच्या मध्ये थांबायचे. खिडकीबाहेर बघायचे. वर्गही बघायचा. बाहेर काही नसायचं, भांडुपच्या कारखान्याची भिंत आणि एक शेवग्याचं झाड. पण कविता तिथेच आत उतरायची.
म्हणून क्रमाच्या मध्ये थांबा घातला. स्क्रीनवर दोन ओळी, माझ्याच:

नको उडू रे पाखरा इतक्यात, फांदी अजून हलते आहे;
जुन्या घरट्याची एकेक काडी नव्या घरट्यात जुळते आहे.

वाचून झालं की माणसाने एंटर दाबायचं. खाली 'एंटर दाबा' लिहून पाहिलं. फार वाईट दिसलं. देवळात 'चपला सांभाळा'ची पाटी असते तसं. काढून टाकलं.

१२ डिसेंबर
वैशालीचा फोन. "काका, ओळी काढा ना. लोकांना वाटेल मशीन अडकलं."
"कवितेखाली कोण अडकतं गं?"
"सगळे! मीपण शाळेत अडकलेले." मग हसली. "ठीक आहे, जाऊ द्या. पण शिव्या आल्या तर तुम्ही खायच्या."
संध्याकाळी नवी मांडणी लोकांसाठी सोडली. हलकं वाटलं. थंडी पडेलसं वाटतंय. शेवग्याच्या शेंगांची आमटी.

१५ डिसेंबर
रेमंडचा फोन, मरोळ गावठणातून. टेलिफोन खात्यात एकाच टेबलाला समोरासमोर बसून आमचा जन्म गेला. नातीचं लग्न जानेवारीत. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी: वाजतगाजत विहिरीवर जायचं, बायकांनी गाणी म्हणत पाणी आणायचं. गाणी आता कुणाला पुरी येत नाहीत. म्हणून त्याच्या आईचं टेप केलेलं गाणं त्या दिवशी लावायचं, त्यावर बायकांनी सूर धरायचा, असा बेत. ते त्याच्या पेटाऱ्यात आहे. मीच कॅसेटवरून चढवून दिलं होतं. कॅसेटला तेव्हाच बुरशी होती, पुढे घर रंगवताना गेली.
म्हणाला, "गाण्याच्या आधी आई मला विचारते, 'लागला का रं तुझा डबा?' टेपरेकॉर्डरला डबा म्हणायची. तेवढं कापू नको हां कधी."
"कोण कापतंय? तू फक्त नवी मांडणी चालव, म्हणजे लग्नापर्यंत काळजी नाही."
हे मीच सांगितलं.

१८ डिसेंबर
रेमंडचा पेटारा रिकामा.
सकाळी चर्चमधून, मिसाहून आल्यावर मांडणी चालवली म्हणे. पाखराच्या ओळी आल्या. हा बसून राहिला. जेवणाची वेळ झाली तरी बसलेला. "तूच म्हणालास ना, नको उडू इतक्यात? मी म्हटलं मोठं सामान आहे, वेळ लागंल." शेवटी प्लग काढला. मग माझीच सूचना वाचली: 'अडलात तर पुन्हा चालवा. काही बिघडत नाही.' पुन्हा चालवली. पुन्हा त्याच ओळी; या खेपेला वैतागून बटणं बडवली, तेव्हा पुढे सरकली.
जेवण गेलं नाही. काय झालं ते कळलंय, पण वैशालीकडून ऐकायचंय.

१८ डिसें., संध्याकाळ
तिने शांतपणे सांगितलं, ते जास्त लागलं. पहिल्या खेपेला सामान 'जुने'मध्ये गेलं, ते बरोबर. दुसऱ्या खेपेला मांडणीने आधीचा 'जुने' पुसला आणि रिकामा पेटारा नवा 'जुने' म्हणून ठेवला. जुनं पुसायची ओळ माझी. लोकांच्या मशीनवर जागा कमी असते म्हणून घातलेली. एकदाच चालेल असं धरून चाललो होतो.
"काका, आता एकच करा. त्यांना सांगा, मशीनला हात लावू नका. पुसलेलं डिस्कवर असतं अजून. वर काही लिहिलं गेलं की वाट लागली."
फोन केला. रेमंड म्हणाला, "बंदच हाय. वर टॉवेल टाकून ठेवलाय."

१९ डिसेंबर
पवईवरून बसने मरोळ. रेमंड दारातच. "कवा निघालास? उन्हात?" ओरडेल अशी तयारी करून गेलो होतो. त्याने पाणी दिलं, मग मी काढलेली डिस्क जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दिली. आईचं, म्हणाला.
निघताना तोच बोलला: "ओळी चांगल्या होत्या रे. खाली काय दाबायचं तेवढं लिहायचंस ना, येड्या."
मानखुर्दला वैशालीच्या हातात डिस्क दिली. तिने लुगडं उघडलं, बघितलं, परत तसंच घडी करून ठेवलं.

२१ डिसेंबर
मांडणी दुरुस्त. आता काहीही पुसत नाही. प्रत्येक खेपेला नवं नाव देऊन बाजूला ठेवते. जागा कमी पडली तर विचारते, आणि काय दाबायचं ते लिहिते. 'काही बिघडत नाही' हे वाक्य काढलं. पाखराच्या ओळीही काढल्या. सगळ्यांना कळवलं, माझी चूक म्हणून.
सुमन स्क्रीनकडे बघत होती. "कविता कुठे गेली?"
"काढली."
जाताना दिवा लावून गेली.

२४ डिसेंबर
वैशालीने डिस्कची नक्कल करून पुसलेलं शोधणारी चाळणी लावली. फायली निघताहेत, पण बिननावाच्या. काही मध्येच तुटलेल्या. कुठली कसली, ऐकूनच ठरवायचं. "माझे कान इस्पितळाला विकलेत काका. हे तुमचं काम."
हेडफोन घातला. घुमट वाद्याचे ठोके. कुणाच्या तरी बारशातला गोंधळ. रेमंड तरुण आवाजात एक ते दहा म्हणतोय, माईक तपासायला. मग फक्त खरखर. सापडलं त्याला नाव देत गेलो. रेमंडच्या एका वहिनीचं गाणं पूर्ण निघालं, दोन अर्धी. आई नाही.
रेमंडने नाताळचा फराळ पाठवला. फुगे, त्यांच्याकडचे ते तळलेले गोळे, अजून गरम होते. गाण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२९ डिसेंबर
वैशालीने मांडणीत बदल केला, मला न विचारता. ओळींसाठी जागा परत ठेवलीय, पण अगदी शेवटी, सगळं नीट झाल्यावर. "तिथे कोण किती वेळ बसलं तरी काही बिघडत नाही. फक्त पाखरू नको, शेवटाला शोभेल असं काहीतरी द्या."
बसलो. जमेना. 'पोचले सारे' इथपर्यंत येतो आणि थांबतो. सारे पोचले आहेत कुठे?

३ जानेवारी
उंबराचं पाणी परवा. रेमंडच्या घरी बायका तालमीला जमल्या, फोन मध्ये ठेवून मला ऐकवलं. पहिलं कडवं झकास. दुसऱ्याला गाडी अडली. एकीला वाटे विहीर आधी, दुसरीला मांडव. जोरात भांडल्या. मग हसल्या, पुन्हा पहिलंच कडवं म्हटलं.
रेमंड फोनवर आला. "नाय मिळालं तर पहिलंच दोनदा म्हणतील. तू जेवतोस ना?"
जेवतो म्हटलं.

४ जानेवारी
चाळणी संपली. वैशालीने शेवटचा गठ्ठा पाठवला. दुपारी ऐकायला बसलो. कुत्रं. खरखर. एक घंटा, चर्चची असावी. मग एक लहानशी फाइल, बाकीच्यांपेक्षा बरीच लहान. लावली. टेपची सळसळ, मागे कोंबडी, बांगड्या मागे सारल्यासारखा आवाज. आणि बाई, अगदी जवळून:
"लागला का रं..."
तिथेच थांबवलं. पुढे फाइल किती उरलीय ते बघता येतं, पण बघितलं नाही. गाणं आहे की नुसता प्रश्न, देव जाणे. माझ्या आधी त्याने ऐकायला हवं.
रेमंडला फोन लावलाय. सुमन म्हणते तो विहिरीवर असेल, झाडलोट चालली असेल. वाजतोय. हेडफोन काढून फोनजवळ धरून बसलो आहे.