चौकीपासून दगडापर्यंत

३ मार्च
आजपासून मॉर्निंग वॉक. पट्टा शेवटच्या भोकावर आलाय, चौकीप्रमुखाला शोभत नाही. चौकीच्या दारापासून सीमेच्या दगडापर्यंत नऊशे पावलं. वाटेत अडीचशेव्या पावलाला सासूबाईंचं घर. तिथे स्पीड वाढवायचा.

१२ मार्च
मधले आठ दिवस पाय दुखत होते. आज सातशे ऐंशी! एका दिवसाच्या व्यायामाने पावलं केवढी लांब पडायला लागली.

२० मार्च
सहाशे. हवालदार म्हणाला, साहेब, पावलं नाही वाढली, दगड सरकलाय. त्यालाही सहाशेच भरली म्हणे, आणि तो लंगडतो. त्याचे बूट नवे आहेत, दुसरं काय!
तरी राजधानीला फोन केला. मोठ्या शेजाऱ्याची कुरापत काढू नका, आपलं धरण तोच बांधून देतोय, असं सांगितलं. दुसऱ्या बड्या देशाने आपल्याला दुर्बीण पाठवलीय. दोन्ही डगरींवर हात! याला म्हणतात मुत्सद्देगिरी.

२ एप्रिल
तीनशे दहा. पलीकडचा कॅप्टन भेटला. गोड माणूस, थर्मास दिला. असा माणूस दगड हलवेल? बायको म्हणते, आईला आत्ताच्या आत्ता इकडे आणा. एकदा आल्या की जायच्या नाहीत. रविवारी बघू म्हटलं.

९ एप्रिल
रविवारी डोकं दुखत होतं.
दोनशे. सासूबाईंचं घर आता दगडाच्या पलीकडे. दुर्बिणीतून पाहिलं, शिपायांना फैलावर घेत होत्या. हसू आलं. बायको बोलत नाही. उद्या कडक पत्र लिहिणार.

१० एप्रिल
बायको न सांगता आईला आणायला गेली. पत्रात 'निषेध' खोडून 'आश्चर्य' घातलं. संध्याकाळपर्यंत येईल ती.

११ एप्रिल
आली नाही. कॅप्टन म्हणाला, बाई परवान्याशिवाय आमच्या हद्दीत शिरल्या, गुन्हा आहे, आता आईच्याच घरात नजरकैद. चहा पाजला त्याने. दुर्बीणवाल्या देशाने तीव्र चिंता व्यक्त केली.

५ मे
अठ्ठावीस. वॉक बंद, चालायला जागाच नाही. माझी पावलं कधी वाढलीच नव्हती. पँट मात्र सैल झालीय, घास उतरत नाही.
सकाळी बायकोने आईच्या अंगणातून हाक मारली. दोनदा. स्पष्ट ऐकू आली. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं.
ओ दिली तर ती कुरापत ठरेल का, असं राजधानीला विचारलंय. दिवसभर फोनपाशी बसून आहे.