माझ्या हातचं ताक

रोहा,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय नमू,

निलेशने डबा हातात दिला असेल आणि वालाचं बिरडं असणार म्हणून झाकण उघडायच्या आधीच तू नाक पुढे केलं असशील. माझी लेक मला माहीत नाही का! पण डब्यात हे पत्रच आहे, दुसरं काही नाही. डबा कोरा आहे, दुकानातून आणल्यापासून त्यात मी काही भरलेलं नाही. लिहायला बसण्याआधी साबणाने हात धुतलेत, वीस आकडे मोजून, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. आई पत्रात हात धुतल्याचं काय सांगत बसली, असं तुला वाटेल. थोडा दम धर.

हे फोनवर सांगता येण्यासारखं नाही. तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि तुझ्या सासूबाई, बायजाताई, शेजारीच भाजी निवडत बसलेल्या. शिवाय तुझा आवाज ऐकला की मी जेवलीस का, काय जेवलीस इथपासून सुरू होते आणि तिथेच संपते. गणपतीत तू विचारलंस, आई, मला न्यायला कधी येतेस, आणि मी म्हटलं, यंदा पेणलाच राहा, तिथे दवाखाने बरे आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं सोडून आईच नको म्हणते, म्हणजे काय झालं असेल तुला! तेव्हापासून तुझा फोन नाही. तुझ्या सासूबाईंनी मला चार नावं ठेवली असतील, आणि या वेळी त्यांचं काही चुकलेलं नाही. मी तुला का आणत नाही ते आज सगळं सांगते. वाचून झाल्यावर माझं तोंड पाहायचं की नाही ते तू ठरव, मी त्यात बोलणार नाही.

आपले डबे मी जूनमध्ये बंद केले. गुडघे धरले म्हणून, असं तुला सांगितलं होतं. माझे गुडघे ठणठणीत आहेत. खरं काय ते ऐक. या उन्हाळ्यात धाटावच्या कारखान्यांतल्या पोरांचे अठरा डबे होते. पहिल्या शिफ्टची पोरं सुटली की गाड्या दारात लावून डबा न्यायची, आणि मी त्यांना पेलाभर ताक द्यायचे. ताकाचे पैसे आपण कधी घेतले नाहीत, आपल्यात ताक विकत नाहीत. तुझ्या आजीने मला हे घर सोपवताना दोनच गोष्टी दिल्या, एक तिचं विरजण आणि दुसरं हे सांगणं, की दारात आलेला ताक प्यायल्याशिवाय जाता कामा नये. ताक घुसळून लोणी काढलं की पाणी, मीठ, ठेचलेलं आलं घालून मी कोपरापर्यंत हात बुडवून कालवायचे. पळीने मीठ लागत नाही अशी माझी खात्री. पोरं म्हणायची, "मावशी, तुमच्या हाताला चव हाय." मी फुगायचे. फुगणारच ना.

एप्रिलच्या शेवटी साईराजला ताप आला, तो मोठ्या डोळ्यांचा, सारखा दुसरा पेला मागणारा. मग केरूला. महिन्याभरात सात पोरं पडली. मुदतीचा ताप, टायफॉईड. सगळ्यांनी कंपनीच्या पाण्याला शिव्या घातल्या, मीही घातल्या, अगदी तोंड भरून. साईराज अकरा दिवस दवाखान्यात होता. त्याची आई गावाहून आली, तिला इथलं काही ठाऊक नाही, म्हणून मी रोज सकाळी पेज करून पाठवायचे. ती बाई माझ्या पाया पडली नमू. म्हणाली, "माझ्या मागं तुम्हीच त्याची आई."

पाणी तपासलं तर ते स्वच्छ निघालं. सरकारी दवाखान्यातली एक डॉक्टरीण आहे, समीक्षा मॅडम, तुझ्याच वयाची, काडीसारखी. तिने सात पोरांना एकच प्रश्न विचारला की तुम्ही सगळे मिळून काय खाता? पोरं तीन वेगळ्या कंपन्यांतली, राहतात वेगळीकडे, पण डबा सगळ्यांचा इंदुबाईंचा. ती दारात आली तेव्हा मी तिला काय दिलं असेल? ताकच दिलं. तिने पेला हातात घेतला, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि तसाच खाली ठेवला. मला इतका राग आला! माझ्या दारातून कोणी भरला पेला ठेवून गेलेलं नव्हतं. तपासायला बाटली दिली तेव्हा मी तिला म्हटलं, मला काय धाड भरली आहे, मी आजारी दिसते का तुला? आणि बाटलीही कसली, तर परसाकडची. तीन वेळा! तुझे बाबा दवाखान्यात ती पिशवी घेऊन जायचे ते असे, की जसा काही लग्नाचा आहेर चालला आहे.

तीनपैकी दोन बाटल्यांत जंतू निघाले. समीक्षा मॅडमने मला खुर्चीवर बसवून सावकाश सांगितलं. मला तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी मुदतीचा ताप आला होता, आठवतं? सातव्या दिवशी ताप उतरला, डबे खोळंबले होते, मी गोळ्या थांबवल्या आणि उरलेली पाकिटं पितळी डब्यात ठेवून दिली, पुढे कोणाला लागतील म्हणून. ताप गेला पण जंतू गेले नाहीत. माझ्या पित्ताशयात खडे आहेत, त्या खड्यांवर ते बुळबुळीत थर करून बसले आहेत, आपल्या मिठागराच्या बांधाच्या दगडांवर बसतो तसा. जेवल्यावर उजव्या कुशीत दुखायचं त्यावर मी आगळ पीत होते, कोकमाने पित्त जातं म्हणून. मला त्या जंतूंचा काही त्रास नाही. ते माझ्यातून बाहेर पडतात, परसाकडेवाटे, आणि हाताला लागून दुसऱ्याच्या पोटात जातात. मॅडम म्हणाली, मावशी, तुम्ही आजारी नाही, पण तुमच्यामुळे दुसरा आजारी पडतो. मी म्हटलं, मी हात धुते की! ती म्हणाली, साबणाने?

आता काय सांगू. आपल्या मिठागराच्या गावात पाणी खारं, साबणाला फेस कसला तो येत नाही, नुसता चिकट साका बसतो हातावर. साबण नासायचा कशाला म्हणून आम्ही हात चिखलाने चोळायचो आणि पाण्याने धुवायचो. रोह्याला येऊन मला पंचवीस वर्षं झाली, इथे नळाला गोडं पाणी आहे, पण हाताची सवय तिथलीच राहिली. कपड्यांना साबण, भांड्यांना साबण, तुम्हा पोरांना साबण, आणि माझ्या हातांना नुसतं पाणी.

पोरं सगळी बरी झाली, देवाची कृपा. सहा आठवडे मी गोळ्या घेतल्या, या वेळी एकही चुकवली नाही. गणपतीच्या आधी पुन्हा बाटली दिली, पुन्हा जंतू. विरजण टाकावं लागलं. मी मॅडमला विचारलं, त्यातही जंतूच ना, मग ते कसे चालतात? ती म्हणाली, ते दुधाचं दही करणारे, पोटाला चांगले. पण त्यात तुमच्या हाताचे मिसळले असतील तर वेगळे कसे काढणार? तुझ्या आजीचं विरजण एकवीस वर्षं मी एक दिवस मोडू दिलं नव्हतं. बाळंत झाले तेव्हा शेजारी ठेवायला दिलं, पुरात डोक्यावर घेऊन पोटमाळ्यावर चढले. ते उकळतं पाणी घालून मोरीत ओतलं. तेव्हा मी रडले, पोरांच्या तापाला रडले नव्हते इतकी.

आता मी काय करते? बसते. खिडकीत बसते आणि धाटावच्या बसेस मोजते. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत मी जात नाही, हे बंधन मीच घालून घेतलं आहे. मॅडम म्हणते, साबणाने नीट हात धुवा आणि घरच्यापुरतं शिजवून गरम गरम वाढायला हरकत नाही, पण मला धीर होत नाही. तुझे बाबा करतात. "बस गो आता, मी हाय ना," म्हणतात आणि भात असा लावतात की खालचा करपलेला आणि वरचा कच्चा. ते पातेलं माझ्यासमोर आणून ठेवतात तेव्हा माझे हात शिवशिवतात, मग मी हातांवर बसते, खरंच, दोन्ही हात मांडीखाली घालून. शेजारच्या ठमाबाई गुडघ्याला लावायला कसलं तरी तेल घेऊन येतात, मी लंगडून दाखवते, त्या विरजण मागतात, मी म्हणते दूध नासलं. नवरात्रात देवळातल्या प्रसादाचा शिरा दरवर्षी माझ्याकडे असतो. यंदा बोलवायला आले तेव्हा मी संडासात जाऊन कडी लावून बसले. खरं सांगितलं तर उद्यापासून या गल्लीत माझ्या हातचं पाणी कोणी घेणार नाही, आणि तुझ्या बाबांच्या हातचंही. नाही सांगितलं तर हे नाटक रोज करायचं. बाबा आणि निलेश सोडून कोणाला माहीत नाही. चार भिंती माझ्याच आहेत, दार उघडं आहे, आणि मला बाहेर पडायला वाट सापडत नाही.

पण यासाठी मी पत्र लिहीत नाही नमू. एवढंच असतं तर तुलाही गुडघ्यांचंच सांगत राहिले असते. त्या दिवशी मॅडमने आणखी एक विचारलं होतं, की तुमच्याखेरीज घरात याआधी कोणाला टायफॉईड झाला होता का? मी नाही म्हटलं. चटकन म्हटलं. तुझ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

परवा निलेश पेणला, रामवाडीत तुझ्याकडे येऊन गेला. आल्यावर गाडीची किल्लीही न ठेवता मला म्हणाला, "आई, ताई काय बोलली माहीत हाय? ती बोलली, आईला वाटतं मी परत बाहेरचं काहीतरी खाईन आणि परत तसंच होईल, म्हणून ती मला नेत नाय." मग ऐक. तीन वर्षांपूर्वी चैत्रात तू आठ दिवस माझ्याकडे आली होतीस, चौथा महिना होता. तुला दुसरं काही जात नव्हतं, ताकभात तेवढा जायचा. मी दोन्ही वेळेला ताक केलं, त्याच हाताने कालवलं, आणि पेला तुझ्या तोंडाला लावला. पेणला परत गेल्यावर बाराव्या दिवशी तुला हाच मुदतीचा ताप चढला आणि बाळ राहिलं नाही. बायजाताई म्हणाल्या, रस्त्यावरची पाणीपुरी खाल्ली म्हणून. आणि मी, तुझी आई, दवाखान्याच्या बाकावर तुझा हात हातात घेऊन काय म्हणाले? "कशाला खाल्लीस गो ती?" तू तेव्हा मान खाली घातलीस. काल मी मॅडमला जाऊन खरं सांगितलं. ती म्हणाली, इतक्या दिवसांनी खात्री कोणी देणार नाही, पण दिवसांचा हिशोब तुमच्याकडेच येतो. मला खात्री नको, मला माहीत आहे. येत्या गुरुवारी अलिबागला माझं पित्ताशय काढणार आहेत, मी सुरीला भिऊन दोनदा नको म्हटलं होतं, काल हो म्हटलं. नंतरच्या तिन्ही बाटल्या चांगल्या निघाल्या आणि तू बोलावलंस तर बाळाला पाहायला येईन, लांबून पाहीन. नाही बोलावलंस तरी हा कागद जपून ठेव आणि रितेशरावांना दाखव, सासूबाईंना वाचून दाखव, मोठ्याने. निलेश सांगतो, त्या पाणीपुरीच्या गाडीवरून जाताना तू अजून मान खाली घालून जातेस. तू काही केलं नव्हतंस बाळा. मान वर करून जात जा.

तुझीच,
आई