दाजी, तुमचे पाच वॅट

ती. दाजी यांस,

उभ्या उभ्याच नमस्कार. (वाकून करणार होतो, पण कंबर धरली आहे. ती का धरली हे पुढे वाचलंत, की नमस्कार मिळाला हेच पुष्कळ झालं असं तुम्हालाच वाटेल.) ताईचे गुडघे काय म्हणतात? तुमचं पित्त? इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक कोणीही नाही. तुमच्या सासूबाई तेवढ्या मजेत आहेत.

त्यांच्यापासूनच सुरू करतो. आईला अलीकडे जवळजवळ ऐकू येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी मी रोज दुपारी तिच्या खाटेशेजारी बसून गिटार वाजवतो. मध्यंतरी एकदा, माझी बोटं तारांवर फिरत असताना, तिने माझ्याकडे बघत विचारलं, "तू वाजवणं सोडलंस का रे?" कानाचं यंत्र आणून दिलं, तर कानात मुंगी शिरल्यासारखं होतं म्हणून तिने ते उशीच्या अभ्र्यात कोंबलंय. (तिथे ते शिट्ट्या मारतं. तिला ऐकू येत नाहीत, आम्हाला येतात.) शेवटी माळ्यावरची इलेक्ट्रिक गिटार खाली काढली आणि ॲम्प्लिफायर घ्यायचं ठरवलं. माझं मागणं एवढंच, की आईला ऐकू जावं आणि खालच्या दंतवैद्यांना जाऊ नये. त्यांची रोग्याची खुर्ची आईच्या खोलीच्या बरोबर खाली येते, आणि आमच्या हिने बजावून ठेवलं होतं की त्यांची तक्रार आली तर गिटार परत माळ्यावर जाईल आणि तिच्यामागोमाग मीही.

अशा वेळी मी तुम्हाला फोन केला. कुठून बुद्धी झाली कोण जाणे! ज्या माणसाचा उभा जन्म वीज कंपनीत गेला, जो कोणाच्या घरी गेला की आधी दिवे मोजतो आणि मग पाणी मागतो, त्याला मी आवाजाबद्दल विचारलं. तुम्ही म्हणालात, "छोटासा व्हॉल्व्हवाला घे, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या नळ्यांचा. पाच वॅटचा. अरे, फ्रिजमधला दिवा पंधरा वॅटचा असतो, त्याचा कधी शेजाऱ्यांना त्रास झालाय?" आणि मला ते पटलं! हिला मी तुमच्या नावावर शब्द दिला. दंतवैद्यांना जिन्यात गाठून फ्रिजच्या दिव्याचा दाखला दिला, तर त्यांनाही पटलं. एवढा शिकलेला माणूस!

दुकानदाराने खोली केवढी आहे विचारलं. मी म्हटलं, एक खाट, एक कपाट आणि मी. तो म्हणाला, मग पाच वॅट जरा जास्तच होतील. यावर मी हसलो, दाजी. भर दुकानात, मोठ्याने हसलो, आणि त्यालाही फ्रिजचा दिवा ऐकवला. त्याने खोकं पुढे सरकवलं. खोकं दिसायला पावाच्या डब्याएवढं, आणि आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर! जिन्याच्या वळणावर कंबरेने कट्‌ असा आवाज केला. (त्या दिवसातला तोच काय तो बेताचा आवाज.)

घरी आल्यावर ॲम्प जमिनीवर ठेवला, नळ्या तापू दिल्या आणि बटण अगदी हळू फिरवलं. गिटार सर्दी झाल्यासारखी नाकात बोलायला लागली. दुकानदाराने सांगितलंच होतं, की व्हॉल्व्हला थोडं रेटल्याशिवाय तो गात नाही. म्हणून बटण अर्ध्यावर नेलं आणि सगळ्या तारा एकदाच छेडल्या. दाजी, कपाटाचं दार आपणहून उघडलं! तारा अजून घुमत होत्या तोवर दंतवैद्य दारात हजर. हातात तो छोटा आरसा, मागे गळ्याला फडकं बांधलेला रोगी, त्याच्या तोंडात कापूस आणि डोळ्यांत पाणी. आणि आई? आईने दोघांकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "अरे, पाहुणे आलेत, काहीतरी वाजव की!"

दुसऱ्याच दिवशी धरल्या कंबरेने दुकानात गेलो आणि तो ॲम्प बदलून एक वॅटवाला आणला. तेव्हा दुकानदार सांगतो, की वॅट उतरले म्हणून आवाज काही त्या मानाने उतरत नाही, थोडासाच उतरतो. मग मोजता कशाला ते वॅट? शोभेला? आणि तुम्ही इतकी वर्षं वीज कंपनीत नक्की केलंत तरी काय? एक वॅटवरही दंतवैद्य वर आलेच. या खेपेला एकटे आले (रोगी म्हणे जिन्यातूनच पळाला), आणि हात जोडून म्हणाले, "वाजवा हो, पण जमिनीवर ठेवू नका. छत थरथरतं आणि दात कोरताना माझा हात हलतो." काहीतरी मऊ बघा म्हणाले. आता आमच्या घरात मऊ म्हणजे एकच गोष्ट, आईची गादी. ठेवला तिथे, तिच्या पायथ्याशी.

नळ्यांनी ॲम्प वरून कोमट होतो. आईचे पाय बारा महिने गार. तिने बिनदिक्कत दोन्ही तळवे त्यावर टेकवले, मांजर बसतं तशी सुखावली आणि डोळे मिटून घेतले. मी चिडून, कोणासाठी म्हणून नव्हे, आपला वाजवत बसलो. मधल्या चढाच्या जागेवर आलो, तर आईने डोळे न उघडता सांगितलं, "इथे घाई करतोस. पहिल्यापासून करतोस."

पायांनी ऐकलं तिने, दाजी! एवढा खर्च, एवढी धावपळ, कंबरेचे हे हाल, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ऐकू आलं तर पहिल्याच फटक्यात चूक काढली! मी तोंड वळवून तारा जुळवत बसलो. चांगल्या जुळलेल्या होत्या. ही दारात उभी होती, माळ्याचं काही बोलली नाही.

तेव्हा यापुढे कृपा करून कोणालाही सल्ला देऊ नये. ताईला नमस्कार.

तुमचा,
कंबर धरलेला मेहुणा

ता. क. : दंतवैद्यांची आता तक्रार नाही. गादीने भागलं.

ता. क. २ : आई म्हणते, जावई सोबत वाजवायचे तेव्हा हा इतका पळत नव्हता. तुमची ती जाड तारांची बेस गिटार अजून असेल, तर घेऊन चार दिवस या. तिचा आवाज पायाला चांगला लागेल असं माझं नव्हे, आईचं मत आहे.

ता. क. ३ : येताना तुमचा तो मोठा ॲम्पही आणा. वॅट किती ते मला सांगू नका. दवाखाना रविवारी बंद असतो.