चटई उचलण्याचा दिवस

नांदेड, दि. २ जून २०२५

ती. सौ. अक्कास,
नांदेडहून संगमेशचे सा. शरणार्थ, वि. वि.

फोनवर तू माझे एकही वाक्य पूर्ण होऊ देत नाहीस, म्हणून लिहितो आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

विषय असा. जुलैत नवी तुकडी येते. पहिल्या दिवशी प्रत्येक शिक्षकाने नव्या विद्यार्थ्यांसमोर स्वतः अभिनय करायचा; त्याच्याकडून शिकावेसे ज्यांना वाटेल त्यांनी आपली चटई उचलून त्याच्याजवळ न्यायची; निम्म्या चटयाही आल्या नाहीत, तर त्याने वर्षभर शिकवायचे नाही. हा नियम दाजींनी आणि तू लातुरात अभिनयशाळा काढली तेव्हाच केलात. परंतु तो धडधाकट माणसांसाठी होता. पक्षाघातानंतर दाजींचे अर्धे तोंड हलत नाही, शब्द अडखळतात. विशी-बाविशीच्या मुलांनी त्यांना पारखावे, हे मला मान्य नाही.

म्हणून विश्वस्त मंडळाचा सचिव या नात्याने मी ठराव तयार केला आहे: संस्थापकांना या परीक्षेतून कायमची सूट. अध्यक्ष महादेवप्पा यांची संमती मिळाली आहे. दोघांच्या सह्या करून पाठव.

लोभ आहेच; या वेळी तो सहीतही दिसावा.
तुझा,
संगमेश

लातूर, दि. ९ जून

चि. संगमेश यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा ठराव पोचला. भाषा निर्दोष आहे. सही न करता परत पाठवते आहे.

नियम कोणासाठी होता ते मी सांगते. आम्ही दोघे जिथे शिकलो तिथले गुरुजी खुर्चीत बसून आमच्या चुका काढत. त्यांना स्वतः काम करताना आम्ही कधी पाहिले नाही. आपल्या शाळेत तशी खुर्ची नको, हे तेव्हाच ठरले. पहिले वर्षभर आम्ही मुलांच्या हाती संवाद देत नाही. त्यांनी गंजगोलाईत, आडत बाजारात, बसस्थानकावर जाऊन एक माणूस निवडायचा. तो श्वास कुठे घेतो, कुठे रोखतो ते पाहायचे, आणि तोच श्वास आपल्या अंगात आणून दाखवायचा. ज्याला हे स्वतःला येत नाही त्याने दुसऱ्याला सांगू नये. मुंबईहून आलेले एक नामवंत गृहस्थ पहिल्याच दिवशी नापास होऊन संध्याकाळच्या बसने परत गेले, तेव्हा तूच पोट धरून हसला होतास.

ठराव मी यांना वाचून दाखवला. बराच वेळ शब्द जुळवीत राहिले. मग म्हणाले, "सेक्रेटरीला लिही. मी आजारी हाय, पाहुणा न्हाई."

तेव्हा ते उभे राहणार. तू खुशाल रागाव, पण माया पातळ करू नकोस.
अक्का

नांदेड, दि. १६ जून

ती. सौ. अक्कास,
सा. शरणार्थ, वि. वि.

ठराव मागे घेतला आहे. मत मागे घेतलेले नाही.

निदान एवढे ऐका. तुरीचा सौदा पुकारणारा आडत्या, हे दाजींचे नावाजलेले काम; पण त्यात जिभेला क्षणाची उसंत नाही. या वेळी त्यांनी एखादा न बोलणारा माणूस निवडावा.

दुसरी गोष्ट लपवून ठेवणे मला जमत नाही. नव्या तुकडीतली नायगावची दामिनी माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी. मी तिला फोन केला आणि दाजींचे काम संपताच चटई उचल, म्हणजे बाकीची मुलेही उठतील, असे सुचवले. बघते काका, एवढेच ती म्हणाली. तू चिडशील. चिडून झाल्यावर कृपा पूर्ववत असावी.
तुझा,
संगमेश

लातूर, दि. ३ जुलै

चि. संगमेश यास आशीर्वाद.

चिडून झाले. आता ऐक.

परवा सकाळी दामिनी आली आणि तुझ्या फोनची हकिगत तिने सरळ यांच्या कानावर घातली. चटई तुझी आहे, काकाची नव्हे, असे यांनी तिला सांगितले. मग न बोलणारा माणूस निवडण्याचा तुझा सल्ला पूर्ण ऐकून घेतला आणि नेमका तोच आडत्या निवडला.

उभे राहिले तेव्हा खांदा आडत्याचा होता, तुरीच्या ढिगावरून फिरणारी नजर त्याची होती, भाव पुकारण्याआधी रोखलेला श्वासही त्याचाच होता. पण शब्द सुटेनात. एकात एक अडकले. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली, ती यांनी पुसली नाही. भर सौद्यात आडत्या थांबत नसतो. काम शेवटपर्यंत नेले.

मोजक्याच चटया उठल्या. दामिनी जागची हलली नाही. यांनी तिला कारण विचारले. पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माणूस दिसला. भाव ऐकू आला न्हाई."

हे "बरोबर" म्हणाले. तेवढा एक शब्द स्पष्ट आला. मग पाय ओढत भिंतीपाशी गेले, एक चटई उचलली आणि दामिनीच्या शेजारी अंथरून बसले. दुसऱ्या दिवशी माझ्या आवाजाच्या तासाला त्याच जागी हजर. मी त्यांना उठा म्हटले नाही. यंदा एक शिक्षक कमी आणि एक विद्यार्थी जास्त.

मला रडू आले का, असे विचारशील. विचारू नकोस.

महादेवप्पांना ही गोष्ट अपमानाची वाटते. ते तुला लिहिणार आहेत. काय उत्तर द्यायचे ते तुझे तू ठरव; अक्कावरचा जीव मात्र ठरावावाचून राहू दे.
अक्का

नांदेड, दि. १० जुलै

ती. सौ. अक्कास व ती. दाजींस,
सा. शरणार्थ, वि. वि.

महादेवप्पा पत्रावर न थांबता स्वतः घरी आले. संस्थापकाने पोरांच्या रांगेत बसणे संस्थेला शोभत नाही, शिवाय या वयात प्रवेशच नियमबाह्य आहे, असे त्यांचे म्हणणे.

मी त्यांना सांगितले की संस्थेची घटना मी लिहिलेली आहे. वयाची अट घालावी असा माझा तेव्हा आग्रह होता. दाजींनी ती खोडून "ज्याला शिकायचे आहे तो" एवढेच शब्द ठेवायला लावले. ते शब्द आजही कायम आहेत. संस्थेला काय शोभते हे ठरवण्याचा अधिकार त्या घटनेने मंडळाला दिलेला नाही. यावर ते राजीनाम्याची भाषा करू लागले. राजीनामा सचिवाच्या नावे द्यावा लागतो आणि सचिव समोरच बसला आहे, एवढी माहिती मी दिली. चहा न घेता गेले.

दाजींना विद्यार्थी म्हणून नोंदवले आहे. या धाकट्याकडे दोघांचे लक्ष असावे.
तुमचा,
संगमेश

लातूर, दि. २८ जुलै

चि. संगमेश यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या दाजींना काल मी वर्गाबाहेर काढले. माझ्या तासाला श्वास मोजण्याचा सराव चालू असताना ते शेजारच्या दामिनीला हळूच सुधारत होते. वर्गात विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवायचे नाही. उठले, दारापर्यंत गेले, वळले, आणि म्हणाले, "गुरम्मा, चूक तिची न्हाई. तू श्वास मोजायला लई लवकर लावलास."

संगमेश, एकही अक्षर घसरले नाही. एका दमात आले आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. मुले वळून माझ्याकडे बघत राहिली.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची स्तुती करायची नाही, हाही आम्हा दोघांचाच नियम. मी त्यांना बाहेरच उभे राहा म्हटले, आणि उद्या वेळेवर या.

आज ते वेळेवर आले. श्वास मोजणे मी उशिरा सुरू केले.

जीव लावतोस तसाच लावत राहा.
अक्का